भिंतीतली शेकोटी आणि सासूबाईंचं डोकं

४ नोव्हेंबर

सासूबाईंनी आज दुसरी शाल मागितली. पहिली अंगावर होतीच.

"आई, एवढी थंडी वाजते?" हिनं विचारलं.

"छे, थंडी कसली," असं म्हणत त्यांनी दुसरी शाल पायांवर ओढून घेतली आणि माझ्याकडे बघितलं. थंडी जणू मीच घेऊन आलो होतो.

सासरे गेल्यापासून त्या आमच्याकडे आहेत. पुढची खोली त्यांना दिली आहे. घरातली सगळ्यात मोठी आणि सगळ्यात गार खोली तीच. भिंतीत जुनं धुराडं आहे, खाली फळी ठोकून बंद केलेलं. फळीच्या फटीतून वारा शिट्टी घालत आत येतो. मेहुण्याचा फोन दर रविवारी येतो, की आमच्याकडे प्रत्येक खोलीत हीटर आहे, आईला पाठवून दे. सासूबाईंनी अजून काही ठरवलेलं नाही. "या हिवाळ्यात बघू," एवढंच त्या म्हणतात. तो फोन झाला की ही स्वयंपाकघरात जाऊन विनाकारण भांडी घासते.

मी या बाबतीत तटस्थ आहे. त्या असल्या की रमीला माणूस मिळतं, इतकंच.

९ नोव्हेंबर

ठरलं. धुराड्याच्या जागी गॅसची फायरप्लेस बसवायची. भिंतीतच, काचेमागे ज्योत, बटण फिरवलं की ऊब.

आधी मी ती स्वतःच बसवणार होतो. चार व्हिडिओ बघितले, हातमोजे आणले, आरशासमोर उभं राहून घालूनही बघितले. हिनं दारातून बघितलं आणि म्हणाली, "गॅसच्या नळीला हात लावलात, तर आईच्या आधी मी दादाकडे जाईन." हातमोजे आता कुंड्यांसाठी वापरतो.

खरं तर मी भलताच सावध माणूस आहे. मी गाडी चालवायला शिकवतो. अर्धं आयुष्य दुसऱ्याच्या हातात स्टिअरिंग देऊन शेजारी बसण्यात गेलं. माझ्या पायाखाली जादा ब्रेक असतो. ही म्हणते, मी सोफ्यावर बसूनही पाय दाबत असतो. कुणी जोरात बोललं की दाबतो, मेहुण्याचा फोन आला की दाबतो. सासूबाईंनी हे लगेच हेरलं. रमीत मी पत्ता उचलायला घाबरलो की त्या म्हणतात, "जावईबापू, ब्रेक सोडा."

१५ नोव्हेंबर

परवाना असलेला फिटर येऊन धुराडं बघून गेला. जाणता माणूस आहे, फक्त त्याचा फोन गप्प बसत नाही. बायको गावाला गेली आहे आणि घरातली एकही वस्तू त्याला सापडत नाही.

दोन फोनांच्या मधल्या वेळात त्यानं आम्हाला समजावलं. ज्योत खोलीतली हवा घेते. जळून झालेला वायू धुराड्यातून वर जातो. वर गेला तर सगळं ठीक. खाली खोलीत आला तर मात्र वाईट, कारण त्याला वास नाही, रंग नाही, तो माणसाला गुंगी आणतो आणि झोपवतो. म्हणून बाहेरच्या भिंतीला हवेची जाळी पाडायची, ती कधीही बुजवायची नाही. आणि खोलीत हा वायू ओळखणारा अलार्म लावायचा.

"कुठे?" मी वही काढून विचारलं.

त्यानं छताखालची एक जागा दाखवली. तिथे सासऱ्यांचा फोटो आहे.

 सासूबाईंनी आधी फोटोकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझा पाय आपोआप दाबला गेला.

२२ नोव्हेंबर

बसली! आज दिवसभर घरात काम चालू होतं. फळी काढल्यावर धुराड्यातून एक जुनं घरटं निघालं, काटक्या, पिसं आणि कुणाचा तरी हरवलेला मोजा. फिटरनं धुराडं साफ केलं, वरून स्टीलची नळी सोडली, गॅसची लाइन जोडली आणि प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावून बघितला. कुठेही बुडबुडा आला नाही. मी मागे उभा राहून प्रत्येक सांधा स्वतः वाकून तपासला. दोनदा त्याच्या डोक्याला माझं डोकं लागलं.

शेवटी धुराची परीक्षा. सगळी दारं-खिडक्या लावायच्या, शेकोटी पेटवायची आणि तिच्या वरच्या कडेपाशी धुराची कांडी धरायची. धूर आत ओढला गेला तर पास. नेमकी त्याच वेळी ही त्याच्यासाठी मासे तळत होती. आमच्या स्वयंपाकघराला आणि या खोलीला मध्ये दार नाही, नुसता पडदा आहे. एक्झॉस्ट फॅन असा घोंघावत होता की फिटरला फोनवर बायकोचं बोलणं ऐकू येईना. पाहुण्या माणसाची गैरसोय! मी आत जाऊन फॅन बंद केला.

"अहो, धूर कोंडेल," ही म्हणाली.

"पाच मिनिटं सोस," मी म्हणालो.

बाहेर आलो तर फिटर फोनवर हात ठेवून विचारत होता, "साहेब, घरात एक्झॉस्ट आहे का?"

"बंद केला," मी म्हणालो. बरोबर उत्तर देणाऱ्या विद्यार्थ्याचा आवाज लागला होता माझा.

त्यानं अंगठा दाखवला आणि बायकोला चहाची पूड कुठे आहे ते विचारायला लागला. कांडीचा धूर शहाण्या मुलासारखा सरळ वर गेला. सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या. फिटरनं मासे खाल्ले, पुन्हा एकदा जाळीची आणि अलार्मची आठवण केली आणि गेला.

अलार्म मी पॅसेजमध्ये लावला, खोलीच्या दाराबाहेर. फोटोच्या जागी लावायला स्टुलावर चढलो होतो, पण सासूबाई चष्मा पुसायला लागल्या. गेलेल्या माणसाला भिंतीवरूनही हलवायचं, हे माझ्याच्यानं होईना. पॅसेज तरी कुठे लांब आहे?

२६ नोव्हेंबर

सासूबाई शेकोटीसमोर खुर्ची टाकून बसतात. दोन्ही शाली घडी करून कपाटात गेल्या. आज मेहुण्याला फोनवर त्या म्हणाल्या, "इथे मस्त ऊब आहे रे." मी पडद्याआड उभा राहून ऐकलं. चोरून नव्हे, पाणी पीत होतो.

आता काम अर्धवट सोडायचं नाही. आज खिडक्यांच्या सगळ्या फटींना फेल्टची पट्टी चिकटवली, पॅसेजच्या दारालाही खालून लावली. दार आता मऊ आवाज करून घट्ट बसतं. हवेच्या जाळीला हात लावलेला नाही. फिटरनं जाळीबद्दल बजावलं होतं, ते मी अक्षरशः पाळलं. खिडक्यांबद्दल तो काही बोलला नव्हता.

१ डिसेंबर

एक गोष्ट लिहू की नको, असं झालं आहे. सासूबाईंना माझा त्रास होतो.

नोकरदार माणसं संध्याकाळी शिकायला येतात, त्यामुळे मी घरी येतो तेव्हा स्वयंपाक आटोपलेला असतो. मी खोलीत पाऊल टाकतो आणि त्या कपाळ धरून बसलेल्या असतात. "रमी?" मी विचारतो. "आज नको, डोकं धरलंय." गेले चार-पाच दिवस हेच. रविवारी दुपारी मात्र टवटवीत होत्या, पण तेव्हा त्या जिंकत होत्या.

५ डिसेंबर

मी स्वतःत सुधारणा करून पाहिली. गुणगुणणं बंद केलं. चहा आवाज न करता प्यायला शिकलो. तेल बदललं, कारण जुन्याला वास होता. घरात शिरताना "काय मग!" असं ओरडायची सवय आहे, ती गिळली. आज तर चोरासारखा आत गेलो. सासूबाई दचकल्या आणि म्हणाल्या, "केवढी धडधड झाली मला." डोकं धरलेलं होतंच.

हिला विचारलं, "आईंना माझा त्रास होतो का गं?"

"मला होतो. तिचं मला माहीत नाही," ती जांभई देत म्हणाली. हल्ली हीसुद्धा जेवण झालं की पेंगते. थंडीत माणूस आळशी होतो.

८ डिसेंबर

डॉक्टरांकडे नेलं. सकाळची वेळ होती. बीपी ठीक, साखर ठीक, सासूबाई हसतखेळत. "वय आहे, थोडा हवापालट करून बघा," ते म्हणाले. बोलताना त्यांनी माझ्याकडे बघितलं असं मला वाटलं. हवा म्हणजे कोण, ते मला कळतं.

संध्याकाळी घरी आलो तर त्यांना मळमळत होतं. ताटावरून उठून गेल्या.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एक बँकेतल्या बाई आहेत, त्या हिरव्या सिग्नललाही थांबतात. आज मी त्यांना काही बोललो नाही. म्हटलं, निदान यांना तरी माझी भीती वाटू नये.

१० डिसेंबर

मीच मेहुण्याला फोन केला. म्हणालो, "आईंना थोडे दिवस तुझ्याकडे ने." त्याला इतका आनंद झाला की उद्याच येतो म्हणाला.

हिला सांगितलं तेव्हा तिनं हातातली पळी खाली ठेवली आणि माझ्याकडे वळली. "तुम्ही फोन केलात? तुम्ही?" एवढंच म्हणाली. मी कारण सांगितलं नाही. स्वतःच्या बायकोला कसं सांगायचं की तुझ्या आईला मी नकोसा झालोय?

११ डिसेंबर

त्या गेल्या. बॅग स्वतःच भरली, मला उचलू दिली नाही.

"तुम्हीच फोन केला होता का हो?" दाराशी त्यांनी विचारलं.

"हो. तुम्हाला तिकडे बरं वाटेल."

"बरं," त्या म्हणाल्या.

"फोटो काढून देऊ का?"

"राहू दे इथेच. तिकडे खिळा नाही." मग चप्पल घालताना, माझ्याकडे न बघता, "काही दिवस तरी राहू दे."

गाडी वळेपर्यंत मी फाटकात उभा होतो. पाय दाबून बघितला, पण त्या गाडीत माझा ब्रेक नव्हता.

१३ डिसेंबर

हिनं फोन केला होता. तिकडे गेल्यापासून सासूबाईंचं डोकं एकदाही दुखलेलं नाही. पुरावा मिळाला. आता शंकेला जागा नाही.

१६ डिसेंबर

काल लिहिता आलं नाही. आज सगळं नीट लिहितो.

काल संध्याकाळचे माझे विद्यार्थी आले नाहीत. मी घरी लवकर आलो. ही स्वयंपाक करत होती, फॅन पूर्ण वेगात. मी सासूबाईंच्या खोलीत गेलो, शेकोटी लावली, पॅसेजचं दार लोटलं आणि त्यांच्या खुर्चीत बसलो. एकट्यानंच पत्ते मांडले. बसल्या बसल्या डोकं जड झालं. म्हटलं, आठवण येतेय. नाही म्हटलं तरी सवय होते माणसाची. मग कपाळात ठणका सुरू झाला. मग मळमळलं. बदामाची राणी हातात घेऊन मी कपाळ धरून बसलो होतो, अगदी त्या बसायच्या तसा.

आणि तेव्हा मला प्रश्न पडला, की त्यांचं डोकं माझ्यामुळे दुखायचं, तर माझं कुणामुळे दुखतंय? खोलीत मी एकटाच होतो. मी स्वतःला कितीही कंटाळलो असलो तरी स्वतःच्या सहवासानं मला आजवर मळमळलेलं नाही.

उठलो. भिंत धरून पॅसेजचं दार उघडलं. क्षणभर काही नाही. मग डोक्यावर अलार्म कर्कश्श किंचाळायला लागला.

गॅसचा कॉक बंद केला. खिडकी उघडायला गेलो तर ती उघडेना, माझीच पट्टी इतकी घट्ट बसलेली. ती सोडली आणि हिला हाताला धरून अंगणात ओढलं. ती हातात झारा घेऊन माझ्यावर ओरडत होती, "झालंय काय?"  गॅस कंपनीच्या तातडीच्या नंबरवर फोन केला. त्यांची माणसं आली, घर मोकळं केलं, शेकोटीला वापरबंदीची लाल पट्टी लावून गेली. आम्ही दोघं दवाखान्यात नाकाला मास्क लावून शेजारी शेजारी बसलो. डॉक्टर म्हणाले, वेळेवर बाहेर पडलात. मेहुण्याला फोन करून सासूबाईंनाही लगेच तपासून घ्यायला सांगितलं. त्या ठीक आहेत. मेहुण्यानं फोनवर ते कळवल्यावर मी मास्कच्या आत रडलो. मास्क ओला झाला म्हणून बदलून मिळाला.

इतके दिवस मी रोज त्यांना कपाळ धरून बसलेलं बघत होतो. आणि रोज विचार केला तो स्वतःचा. माझं गुणगुणणं, माझं तेल, माझा चहा. त्यांना काय होतंय, हे एकदाही नाही. त्या एखाद्या संध्याकाळी खुर्चीतच झोपून राहिल्या असत्या आणि मी त्यांना त्रास नको म्हणून दार हळूच लावून घेतलं असतं. 

१८ डिसेंबर

फिटर आला. फोन बंद करून आला. त्यानं शेकोटी पेटवली, धुराची कांडी धरली आणि हिला म्हणाला, "वहिनी, आता फॅन लावा. पूर्ण."

धूर एकदा वर गेला, थबकला, वळला आणि सरळ आमच्या तोंडावर आला.

त्यानं कांडी विझवली. "फॅन खोलीतली हवा ओढतो," तो म्हणाला. "हवा यायला जागा कमी पडली की धुराड्यातली उलटी खाली ओढतो. म्हणून फॅन चालू ठेवूनच बघायचं असतं. मला हे माहीत आहे, साहेब. मी त्या दिवशी चहाची पूड शोधत होतो."

"आणि मी फॅन बंद करून ते तुम्हाला अभिमानानं सांगितलं."

"तुम्हाला कसं माहीत असणार? विचारणं माझं काम होतं."

"पट्ट्या तर मीच लावल्या."

थोडा वेळ आम्ही दोघं दोषासाठी भांडलो. ही म्हणाली, "वाटून घ्या आणि कामाला लागा."

पट्ट्या निघाल्या. स्वयंपाकघराला हवेची वेगळी जाळी पडली. पुन्हा कांडी, सगळी दारं लावून, फॅन पूर्ण वेगात. धूर वर. पुन्हा. वर. मी तिसऱ्यांदा करायला लावलं आणि त्यानं कुरकुर न करता केलं. फॅन आधी कमी, मग जास्त, मग पडदा बाजूला करून. वर, वर आणि वर. गॅस कंपनीचा माणूसही बघून गेला, लाल पट्टी काढली.

"अलार्म मात्र खोलीत हवा," जाताना फिटर म्हणाला. दोघांनीही फोटोकडे बघितलं.

"ते त्यांच्या परवानगीनं," मी म्हणालो. "तोवर शेकोटी लावणार नाही."

१९ डिसेंबर

सासूबाईंना फोन केला. सगळं सांगितलं, फॅन, पट्ट्या, पॅसेज. मध्ये मध्ये त्या नुसतं "हं" म्हणत होत्या.

"म्हणजे माझं डोकं गॅसमुळे दुखायचं."

"हो."

"आणि तुम्हाला वाटलं, तुमच्यामुळे?"

"हो."

"म्हणून मला पाठवलंत?"

"हो."

तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मला वाटलं, फोन ठेवताहेत.

"मला वाटलं, मी तुम्हाला जड झाले," त्या म्हणाल्या. "मुलीनं नाही, जावयानं फोन केला. मग राहायचं कशाला?"

माझा पाय दाबलेला होता. मी तो उचलला. म्हणालो, "आई, तुम्ही परत या. मला तुमच्याशिवाय करमत नाही." ही मागे उभी होती. तिच्या हातातलं भांडं सटकलं.

"विचार करते," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. मी तटस्थ आहे असं मी या वहीत सुरुवातीला लिहिलं होतं. ते वाक्य खोडणार नाही, वाचून हसायला ठेवतो.

२७ डिसेंबर

मेहुणा आज त्यांना सोडून गेला. बॅग मला उचलू दिली. खोलीत शिरल्या, गार हात चोळले, शेकोटी बंद बघितली, मग भिंतीकडे वळल्या.

"स्टूल आणा," त्या म्हणाल्या. "यांना पॅसेजमध्ये लावा. येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करायची त्यांना जन्मभर हौस होती. इथे एकटे पडले होते."

मी फोटो काढला. त्यांनी तो पदरानं पुसून माझ्या हातात दिला. पॅसेजमधला अलार्म त्या जागी आला, फिटरनं दाखवलं होतं तिथेच. बटण दाबून आवाज तपासला. मग शेकोटी लावली. मी खोलीत, ही स्वयंपाकघरात, फॅन चालू. अलार्मचा हिरवा दिवा शांत लुकलुकत होता. आम्ही तिघंही त्याच्याकडेच बघत होतो, ही पडदा बाजूला करून.

रमी मांडली. मी पहिला डाव जिंकलो. दुसराही. खुशीत गुणगुणायला लागलो. जुनं तेलही आज पुन्हा लावलं होतं.

सासूबाईंनी पत्ते खाली ठेवले आणि कपाळ धरलं.

मी ताडकन उठलो. कॉक बंद, खिडकी उघडी, "अगं, बाहेर चल!" ही झारा घेऊन धावत आली. त्या जागच्या हलल्या नाहीत. हिरवा दिवा तसाच लुकलुकत होता.

"बसा खाली," त्या म्हणाल्या. "या वेळी तुमच्यामुळेच दुखतंय. ते गाणं थांबवा, खिडकी लावा आणि पत्ते वाटा."

मी खिडकी लावली, शेकोटी पेटवली आणि पत्ते वाटले. गाणं मात्र थांबवलं नाही.